ताई, तुमचे आभार मानायचे राहिलेत

ताई,

फोनवर बोलायला गेले की रडू येतं म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण आजारी मुलांच्या मनातलं ऐकून घेणारं तुमच्यासारखं कुणी हॉस्पिटलच्या वॉर्डात असतं हेच बऱ्याच आईवडिलांना माहीत नसतं.

लेकाला कॅन्सर, त्यात पॅलिएटिव्ह टीममधून (म्हणजे आजाराचा त्रास हलका करणारी, पेशंटला आणि घरच्यांना आधार देणारी टीम) कुणीतरी येणार म्हटल्यावर ह्यांचा चेहराच पडला होता, वाटलं डॉक्टरांनी हात टेकले. तुम्ही आल्या आल्या सांगितलंत की तसं नाहीये, मुलांच्या बाबतीत ही काळजी निदान झाल्यापासूनच सुरू व्हायला हवी, ट्रीटमेंट चालू असली तरी, आणि शरीर, मन आणि आत्मा तिन्हींची, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. एवढं बोलून तुम्ही आमच्याकडे पाठ करून स्टूल ओढून लेकाजवळ बसलात.

उजव्या हाताला सलाईन, म्हणून तो डाव्या हाताने वेडंवाकडं चित्र काढत होता. एक देव, हातात छडी. तुम्ही विचारलंत, "हा कुणाला मारणारे रे?" तो म्हणाला, "मला. मी खोटं बोललो होतो ना." सात वर्षांचं पोर हे मनात घेऊन पडलं होतं आणि आम्ही सगळे ब्लड रिपोर्ट बघत बसलेलो! तुम्ही लगेच समजूत नाही काढलीत, आधी सगळं बोलू दिलंत, मग म्हणालात खोटं बोलल्याने कॅन्सर होत नाही, आणि त्याला खरं वाटावं म्हणून डॉक्टरांनाही त्याच्यासमोरच विचारलंत. आजार म्हणजे शिक्षा असं या वयात खूप मुलांना वाटतं म्हणे, भावंडांनाही आपल्यामुळेच झालं असं वाटतं. म्हणून तुम्ही धाकटीलाही बोलावून घेतलंत. ती भांडताना त्याला "मर जा" म्हणाली होती, हे आम्हाला कुठे माहीत होतं.

सासूबाईंची श्रद्धा आणि ह्यांचा देवावरचा राग, दोन्ही तुम्ही सारख्याच शांतपणे ऐकलंत. कुणाला काही पटवायला गेला नाहीत, याचं मला फार मोल आहे.

आणि तो मरणाबद्दल विचारायला लागला तेव्हा आम्ही गप्पच झालो. तुम्ही स्वीडनमधला 2004 चा अभ्यास सांगितलात, कॅन्सरने मूल गमावलेल्या आईवडिलांचा: जे मुलाशी मरणाबद्दल बोलले होते त्यातल्या एकालाही पस्तावा नव्हता, न बोललेल्यांपैकी 27 टक्क्यांना होता. लगेच असंही म्हणालात की हे दडपण आणायला सांगत नाहीये, तो जेवढं विचारेल तेवढंच बोला. त्याने विचारलं, "आई तू मला विसरशील का गं?" मी काय म्हणाले ते आमच्या दोघांतच राहू दे, पण मला बोलता आलं, ते तुमच्यामुळे.

हे कुणी आजारी लेकराचे आईबाबा वाचत असतील तर प्लीज पॅलिएटिव्ह टीमबद्दल स्वतःहून विचारा, शेवटची वेळ येईपर्यंत थांबू नका.

आणि ताई, दिवसभर एवढ्या मुलांचं ऐकून घेता, तुमचं कोण ऐकतं हे विचारायचं राहूनच गेलं. भेटले की आधी तेच विचारणार आहे.

तुमची,
त्याची आई