टॉवरचा मेंटेनन्स झेपेल का? आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपली चाळ पाडून बिल्डर टॉवर बांधणार त्या कराराबद्दल परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "टॉवरचा मेंटेनन्स आपल्या पेन्शनला झेपायचा नाही, सही करायची नाही." आणि लगेच पुढे म्हणालात, "आता आकडे तुम्हीच बघा, आम्हाला काय कळतंय." पहिल्या वाक्याचं उत्तर आकड्यांतच आहे, ते खाली लिहिते. दुसरं मला पटलेलं नाही. गिरणीच्या स्टोअरमध्ये इतकी वर्षं आवक-जावक आणि शिल्लक जुळवलेल्या माणसाला आकडे कळत नाहीत, हे मी मान्य करणार नाही. फोनवर आकडे कानावरून निघून जातात, म्हणून कागदावर पाठवते आहे. प्रत्येक ओळ पेन्सिल घेऊन तपासा. मी सांगते म्हणून सही करू नका, चाळीच्या समितीतले सांगतात म्हणूनही करू नका.

तुमची नात यंदा दहावीला आहे. बीजगणितात त्यांना पहिलंच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे आहे. तिची उदाहरणं बघताना लक्षात आलं की आपल्या घरापुढचे सगळे प्रश्न याच जातीचे आहेत. कुठल्याही खर्चात दोन आकडे असतात. एक जागेवर बसलेला: काही वापरलं नाही तरी द्यावाच लागतो. दुसरा चालणारा: जितकं वापराल, जितके महिने जातील, तितका वाढतो. बेस्टच्या वीजबिलावर 'स्थिर आकार' असतो तो बसलेला, युनिटचा दर तो चालणारा. (विजेत १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पुढे दर बदलतो, म्हणून तिथे रेषा दर टप्प्याला जास्त चढी होते. ते असो.) हे दोन आकडे वेगळे लिहिले की निम्मी भीती जाते, कारण मग नेमकं कशाला घाबरायचं ते कळतं.

आई, तू हे आमच्याआधी करत होतीस. १९८२ च्या संपानंतर घर तुझ्या हातावर चाललं आणि पुढे कितीतरी वर्षं तू दिवाळीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेत होतीस. तुझा एक नियम होता: वीस किलोच्या आत ऑर्डर असेल तर मदतीला बाई लावायची नाही. मला तो तेव्हा तुझा हट्ट वाटायचा. आता मांडून बघते. चकलीचा भाव किलोला ८० रुपये, भाजणी-तेल-रॉकेलचा खर्च ५५, म्हणजे किलोमागे सुटायचे २५. बाईला द्यायचे ५००. २५ × क्ष = ५००, म्हणून क्ष = २०. विसाव्या किलोपर्यंतची सगळी सुट बाईच्या पगारात जायची, एकविसाव्यापासून घरात यायची. तू कागदाला हात न लावता ते समीकरण सोडवलं होतंस.

आता आधी टॉवर होईपर्यंतच्या तात्पुरत्या घराचं बघू, कारण ते लगेच ठरवायचं आहे. काळाचौकीचं घर १९,००० भाड्याचं, चेंबूरचं १६,००० चं. दादा म्हणतो चेंबूर घ्या, महिन्याला ३,००० वाचतील. पण बाबांची फिजिओथेरपी परळला आहे. काळाचौकीहून वाटेल तेव्हा सावकाश चालत जाता येईल. चेंबूरहून रिक्षा शीवच्या पुढे येत नाही, हार्बर लोकलच्या स्टेशनांचे जिने तुमच्या गुडघ्यांना नकोत, बसला गर्दीच्या वेळी चढणं कठीण. राहिली टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६. यात एक गंमत आहे: दीडला २०.६६ ने गुणलं तर ३१ च येतात. म्हणजे दीड किलोमीटरच्या पुढे गेलात की सरळ अंतर गुणिले २०.६६, वेगळा बसलेला आकडा उरतच नाही. तो फक्त अगदी जवळ जाणाऱ्याला बोचतो. चेंबूर ते परळ ९ किलोमीटर धरा, एका बाजूला १८६ रुपये, जाऊन-येऊन ३७२. महिन्यात क्ष फेऱ्या झाल्या तर:

काळाचौकी: १९,०००
चेंबूर: १६,००० + ३७२ × क्ष

दोन्ही सारखे कधी? ३७२ × क्ष = ३,०००, क्ष = ८ आणि थोडं. तुम्हाला आठवड्यातून दोनदा जायचं असतं, म्हणजे महिन्याला आठ-नऊ फेऱ्या. चेंबूरला वाचणारे तीन हजार टॅक्सीवालाच नेणार, वर आई दिवसभर एकटी आणि ओळखीचं कोणी नाही. काळाचौकी घ्या. दादाशी मी बोलते, त्याला हाच हिशेब दाखवते, तो ऐकेल.

बाबा, असे दोन बाजू समान धरून सोडवायचे पैशांचे प्रश्न आपल्याकडे फार जुने आहेत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' या ग्रंथात एक घातला आहे. एका माणसाकडे ३०० रुपये आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे दहा घोडे, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? ३०० + ६ × क्ष = १० × क्ष − १००. चार घोडे म्हणजे ४००, एक घोडा १०० चा. मला यातलं कर्ज फार आवडतं. त्या माणसाला कर्जबाजारी म्हणून बाजूला काढलेलं नाही. कर्ज हा एक उणे आकडा, तो ओळीत आपल्या जागी लिहिला आणि हिशेब पुढे गेला. तुम्ही आयुष्यभर कर्ज या शब्दालाच घाबरलात. मेंटेनन्सलाही तसेच घाबरता आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

बिल्डर भाड्यापोटी महिन्याला २५,००० देणार. काळाचौकीला १९,००० जाणार, म्हणजे ६,००० उरणार. सामान हलवणं, दलाली, किरकोळ दुरुस्ती मिळून एकदाच ४०,००० धरते. म महिन्यांनंतर हातात शिल्लक = ६,००० × म − ४०,०००. सातव्या महिन्यात आपण शून्याच्या वर येतो आणि टॉवर व्हायला ३६ महिने धरले तर तोवर १,७६,००० जमतात. भाडं दोन्हीकडे दरवर्षी वाढेल, पण ते सारखंच वाढेल असं सध्या धरू.

आता मुंबईत सगळ्यांना माहीत असलेली भीती: बिल्डरने मध्येच भाडं थांबवलं तर? मग रेषा उलटी फिरते, दर महिन्याला १९,००० उतरते. १,७६,००० ÷ १९,००० म्हणजे सव्वानऊ महिने आपण तग धरू. पण हे छत्तिसाव्या महिन्यानंतर घडलं तर. बाराव्या महिन्यात थांबवलं तर हातात फक्त ३२,००० असतील, ते दोन महिनेही पुरणार नाहीत. खरा धोका सुरुवातीच्या काळात आहे. म्हणून वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच हातात घ्यायचे आणि भाड्यासाठी बँक गॅरंटी (बिल्डरने दिलं नाही तर बँक देईल अशी हमी) करारात लिहून घ्यायची. हे मागायला संकोच करू नका. तुम्ही छप्पर सोडून देत आहात.

आणि आता मेंटेनन्स. समितीने सांगितलं आहे की चौरस फुटाला ८ रुपये आणि वर पाणी वगैरेचे ६४०. आपलं घर ४२० चौरस फूट, म्हणजे ३,३६० + ६४० = ४,०००. बिल्डर आपल्याला ६ लाख कॉर्पस, म्हणजे मेंटेनन्ससाठी एकदाच ठोक रक्कम, देणार. ते पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे. सध्याचा दर ८.२ टक्के आहे, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं आणि ठेव ठेवली त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. सहा लाखांवर तिमाहीला १२,३००, म्हणजे महिन्याला ४,१००. पहिल्या वर्षी मेंटेनन्स भागून १०० रुपये उरतात. तुमच्या पेन्शनला हात लागत नाही.

पण व्याजाची रेषा आडवी आहे आणि मेंटेनन्सची चढती. दरवर्षी महिन्याचा मेंटेनन्स ३०० रुपयांनी वाढतो असं धरलं, तर न वर्षांनंतर महिन्याची तूट ३०० × न − १००. दुसऱ्या वर्षी २००, तिसऱ्या वर्षी ५००, दहाव्या वर्षी २,६००. पाच वर्षांनी नव्या दराने ठेव पुन्हा ठेवावी लागेल, तेव्हाचा दर आज कोणीच सांगू शकत नाही, म्हणून आजचाच धरला आहे. दहा वर्षांची सगळी तूट बेरजेने दीड लाख होते. (महिन्याची तूट सरळ रेषेत वाढते, साठत जाणारी मात्र वर वाकत जाते. हे नातीने आलेख कागदावर काढलं आहे, सोबत पाठवते.) भाड्यातून जमलेले १,७६,००० दहा वर्षं पुरतात. खर्च ठरावीक रुपयांनी न वाढता दरवर्षी साडेसात टक्क्यांनी वाढला, तरी ते दहाव्या वर्षाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास संपतात, आणि त्या रकमेवरचं व्याज मी यात धरलेलंच नाही. फक्त हे पैसे आधीच बिल्डरच्या उशिरात खर्च झाले तर इथे उरणार नाहीत. तीच रक्कम दोन ठिकाणी मोजू नका.

तर झेपेल. पण एक गोष्ट समितीतल्या कोणीही अजून विचारलेली नाही आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते.

चौरस फुटाला ८ रुपये हा दर बिल्डर इमारत चालवतो तोवरचा. सहकारी सोसायटी झाली की लिफ्ट, पहारा, साफसफाईचं शुल्क घराच्या आकारावर लावत नाहीत. ते सगळ्या घरांना समान असतं, २००० साली सरकारने तसा आदेशच काढला आहे. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी तेवढे घराच्या बांधकाम खर्चावर असतात. हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण बिल्डर बाहेरच्यांना विकणार ती मोठी घरं आपल्याच सोसायटीत आली तर? समजा आपल्यासारखी ६० घरं ४२० फुटांची आणि ४० घरं ९०० फुटांची. फुटाला ८ ने एकूण ४,८९,६०० जमतात. तो जवळजवळ सगळा समान वाटायचा खर्च असला, तर प्रत्येक घराला ४,८९६. आपले ३,३६० चे ४,८९६ झाले, वरचे ६४० धरून ५,५३६. मोठ्या घरांचा स्विमिंग पूल आणि जिम ४२० फुटांच्या घरातल्यांनी त्यांच्याइतकंच देऊन चालवायचा. मग पहिल्याच महिन्यापासून १,४३६ ची तूट आणि जमलेले पैसे सातव्या वर्षाच्या मध्यावर संपतात.

म्हणून विचारायचं: आपल्यासारख्या चाळीतल्या भाडेकरूंच्या इमारतीची सोसायटी वेगळी असणार की एकच? वेगळी असेल तर वरचा हिशेब बरोबर. एकच असेल तर कॉर्पस वाढवून मागायचा. किती? एक लाखाला महिन्याला ६८३ रुपये व्याज येतं. वाढीव १,५३६ साठी १,५३६ ÷ ६८३, म्हणजे सव्वादोन लाख. म्हणजे एकूण सव्वासहा नाही, सात नाही, सव्वाआठ लाख. बाबा, बैठकीत "कॉर्पस वाढवा" म्हणून सगळेच ओरडतात आणि बिल्डरचा माणूस हसून पुढे जातो. तुम्ही उभे राहून सव्वादोन लाख का, ते पाच ओळींत फळ्यावर मांडलंत तर त्याला उत्तर द्यावं लागेल. चाळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या जोडप्याचा हाच प्रश्न आहे आणि हे मांडू शकेल असा माणूस मला तुमच्याशिवाय दिसत नाही.

अजून एक: कॉर्पस आपल्या खात्यात येणार की सोसायटीच्या? सोसायटीच्या खात्यात गेला तर पोस्टाच्या योजनेचा विचारच सोडावा लागेल. त्या योजनेत पैसे व्यक्तीच्याच नावावर ठेवता येतात.

हे सगळे प्रश्न समितीला लेखी द्या आणि उत्तरही लेखी घ्या. पत्राचा मसुदा मी करून आणते, रविवारी दुपारी येते आहे. तोवर ६४० मध्ये नेमकं काय काय धरलं आहे ते सेक्रेटरींना विचारून ठेवा. आई, काळाचौकीच्या घराची लिफ्ट रात्रीही चालू असते का, ते तेवढं शेजारच्यांकडून कळून घे.

तुमची
धाकटी