रस्ता चढला, पाणी अंगणात

संपादक महोदय,

रस्ता रुंदीकरणात जमीन गेली तर भरपाईची चर्चा तरी होते. जमीन न जाता होणारे नुकसान कागदावर येतच नाही. जुना थर न खरवडता त्यावरच नवा डांबरी थर टाकला की रस्ता दर खेपेला काही सेंटिमीटर चढतो. अशा खेपा होत गेल्या की तो अंगणापेक्षा उंच होतो, आणि पावसाचे पाणी अंगणात उतरते.

काम सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. आधीच जोते, फाटक व गटाराच्या तळाची पातळी एका पक्क्या खुणेपासून मोजावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत, रस्त्याची नियोजित अंतिम पातळी लेखी मागावी. हरकत मुदतीत द्यावी, पोच घ्यावी. कामासाठी आपली जागा तात्पुरती वापरू देण्याच्या संमतीपत्रात क्षेत्र, कालावधी आणि जागा पूर्ववत करण्याची अट नसेल, तर सही करू नये.

— एक वाचक