शेवंती एका हंगामापुरती नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बागकामाच्या सदरात बहरलेल्या शेवंतीची छायाचित्रे दर हंगामात येतात. मात्र फुले सुकल्यावर त्या झाडाचे काय करावे, याविषयी तेथे क्वचितच काही वाचायला मिळते. बहर ओसरला की अनेक जण रोप मेले असे समजून कुंडी रिकामी करतात आणि पुढच्या वर्षी नवे रोप आणतात. वास्तविक शेवंती ही बहुवर्षायू वनस्पती आहे. वरच्या फांद्या वाळल्या तरी मातीखालचा ठोंब जिवंत असतो आणि काही दिवसांत त्याच्या भोवतीने कोवळ्या काश्या, म्हणजे बुडापासून फुटणारे नवे कोंब, वर येऊ लागतात. जिवंत झाड असे फेकले जाताना पाहून मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

फुले सुकताच झाड जमिनीपासून चार-पाच इंचांवर छाटावे आणि पाणी कमी करावे, पण ते पूर्ण बंद करू नये. काश्या तीन-चार इंचांच्या झाल्या की त्या मुळांसकट अलग करून नव्या मातीत लावाव्यात. जुन्या ठोंबाचा मधला भाग लाकडासारखा कठीण झालेला असतो, त्याला जोमदार फूट येत नाही. तो काढून टाकण्यात काहीच गैर नाही. बी धरून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण बागेतल्या शेवंतीचे वाण संकरातून आलेले असतात आणि बियांपासून मूळ झाडासारखीच फुले येतील असे नाही. तोच रंग आणि तोच आकार हवा असेल तर काश्या किंवा शेंड्याचे छाट (लावण्यासाठी कापलेले फांदीचे तुकडे) हाच मार्ग आहे. छाट ओलसर, भुसभुशीत माध्यमात सावलीत ठेवल्यास साधारण दोन ते तीन आठवड्यांत मुळे धरतात.

रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात आणि झाड उंच व विरळ न होता घेरदार होते. नव्या फांद्यांचे शेंडेही एक-दोन वेळा खुडता येतात. पण कळ्या धरण्याच्या सुमाराला हे काम थांबवलेच पाहिजे, नाहीतर आपण कळ्याच खुडतो. मातीत शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे आणि पाण्याचा निचरा चांगला ठेवावा, कारण साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. पाणी पानांवर न मारता बुडाशी घालावे. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसताच पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन काढला, तर बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही.

ज्या गोष्टीचा मला सर्वाधिक उशिरा उलगडा झाला, ती सविस्तर सांगतो. माझ्याकडची एक शेवंती सलग दोन वर्षे हिरवीगार वाढली, पण तिला कळी धरली नाही. रोप विकणाऱ्याने वाणच वाईट असल्याचे सांगितले, तर मी खताला दोष देत राहिलो. खरे कारण होते तिच्या डोक्यावर रात्रभर जळणारा दिवा. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड रात्र लागते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये प्रामुख्याने तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडला. पुढे १९३०च्या दशकात सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग करून दाखवले की दिवस लहान झाल्याची जाणीव शेंड्याला नव्हे, तर पानांना होते आणि तेथून फुलण्याचा संदेश शेंड्याकडे जातो. याच गुणधर्माच्या आधारे व्यावसायिक उत्पादक काळे कापड पांघरून किंवा मध्यरात्री दिवे लावून वर्षभर हव्या त्या वेळी शेवंती फुलवतात. मी कुंडी दिव्यापासून दूर, दिवसा भरपूर ऊन आणि रात्री पूर्ण अंधार मिळेल अशा जागी हलवली, आणि दिवस लहान होताच तीच शेवंती कळ्यांनी भरून गेली. ज्यांची झाडे नुसती पानेच वाढवत आहेत, त्यांनी नत्रयुक्त खत कमी करून पाहावेच, पण त्याआधी रात्री झाडावर उजेड पडतो का, हे एकदा तपासावे.

फुले मोठी हवी असतील तर प्रत्येक फांदीवर मधली एक कळी ठेवून बाकीच्या काढाव्या लागतात. मला स्वतःला लहान फुलांचा भरगच्च बहर अधिक आवडतो, त्यामुळे मी कळ्या काढत नाही. ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर मात्र कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, कारण शेवंतीची पाने व फुले त्यांच्या पोटाला अपायकारक असतात.

आपणांस नम्र विनंती आहे की, यापुढे बहराच्या छायाचित्रांसोबत छाटणीची वेळ, काश्या अलग करण्याची रीत आणि रात्रीच्या अंधाराची गरज यांविषयी सदरात सविस्तर माहिती द्यावी. ती बहर संपण्याच्या आठवडाभर आधी छापून आली, तर कुंड्या रिकाम्या होण्यापूर्वीच वाचकांच्या हाती पडेल.

आपला,
एक नियमित वाचक