वाळवंटाला झाडं नकोत, सेवण हवं

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की ‘वाळवंट हिरवं करू या’ अशा घोषणा सुरू होतात. जैसलमेर-बाडमेरमधल्या ३,१६२ चौ. किमी.च्या राष्ट्रीय मरू उद्यानापुरता तरी हा उत्साह कृपया आवरावा. तो भाग उजाड नाही, माळरान आहे, आणि ते उभं आहे सेवण गवतावर. वाऱ्याने आलेली वाळू सेवणाच्या ठोंबाच्या बुडाशी अडते, हळूहळू उंचवटा होतो आणि ठोंब त्याच्या माथ्यावर पुन्हा फुटतो. शेजारी फोगाचं झुडूप असतं. त्याला पानं जवळपास नसतातच. हिरव्या काड्याच अन्न तयार करतात, म्हणून पाणी कमी उडतं. मात्र फोगाच्या मुळांचा कोळसा चांगला होतो, म्हणून तो मुळासकट उपटला जातो आणि बांधलेली वाळू सुटते. ट्रॅक्टरची नांगरटही तेच करते: ठोंब उलटे पडून सुकतात.

खेजडी, रोहिडा ही झाडं तिथलीच, पण विरळ वाढणारी. त्यांच्याऐवजी दाट लागवड झाली की माळढोक पक्ष्याची अडचण होते. तो उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर नजर जाणारं रान लागतं. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याचा माळढोकही हाच, तेव्हा हा प्रश्न परका मानू नये.

पैसा खर्च करायचाच तर वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आणलेलं आणि माळरान व्यापत जाणारं काटेरी झाड, काढण्यावर करावा. नुसती तोडली तर बुंध्यातून जोमाने फुटवे येतात. निदान फूटभर खोल खणून मुळाचा गड्डा काढावा लागतो. तोही शेंगा पिकण्याआधी, कारण शेंगा खाल्लेल्या जनावरांच्या शेणातून बी दूरवर पसरतं. मोकळ्या जागी पहिल्या चांगल्या पावसाबरोबर सेवण पेरावं: हेक्टरी ५ ते ७ किलो बी, ओळींत ७५ सेंमी अंतर, खोली १ ते २ सेंमी. त्याहून खोल गेलं तर उगवत नाही. बी हलकं, कुसळासारखं असतं, नुसतं फेकलं तर वारा नेतो. म्हणून ओल्या वाळूत कालवून किंवा माती-शेणाच्या गोळ्या करून पेरावं. पहिल्या वर्षी गुरं आत सोडू नयेत. कोवळा ठोंब एका हिसक्यात मुळासकट वर येतो.

— एक वाचक, सोलापूर