रविवारची बैठक : प्रेमकादंबऱ्या

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता जळगावात मेहरूण तलावाच्या काठी, नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय : आजकालच्या प्रेमकादंबऱ्या.

• प्रत्येकाने एकच कादंबरी आणावी. मराठी, इंग्रजी, कुठलीही चालेल.

• तिचा साचा सांगा : आधी हाडवैर मग प्रेम, खोटं लग्न, जुनं प्रेम पुन्हा भेटणं, की मुक्कामाला एकच खोली? नुसतं ‘छान आहे’ नको. दोघांचा सूर जिथे बदलतो, ते पान वाचून दाखवा. खोट्या लग्नातला नवरा न विचारता तिच्या चहात बरोबर अर्धाच चमचा साखर घालतो, अशा जागा मला फार आवडतात.

• शेवट गोड असणारच, या प्रकाराचा तो रिवाजच आहे; पण तिथवर कसं पोचतात, ते फोडू नका.

• ‘असलं काय वाचता?’ असं कुणीही कुणाला म्हणायचं नाही.

भरीत-पुरी आमच्याकडून. ताट-वाटी आपापली आणा.