ससाणा मारून कबुतर वाचत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी सकाळी आमच्या गल्लीतला एक मुलगा पोतं घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "मामा, सापडली बघा. मारू का?" पोत्यात शिक्रा होती, ससाण्यासारखा छोटा शिकारी पक्षी. मादी, डोळे पिवळेजर्द. त्यानं आपल्या ढाबळीवर, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यावर, तंगुसाची (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याची) जाळी ताणली होती. झेप घेताना ती त्यात अडकली आणि सुटायच्या धडपडीत एका पायाला तंगूस आवळत गेला. बोट काळंनिळं पडलं होतं. मी तिचं डोकं फडक्यानं झाकलं, कात्रीनं तंगूस कापला आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन केला. दोन तासांत माणसं आली आणि खोक्यात घालून तिला उपचाराला घेऊन गेली.

मुलगा तोवर माझ्या पायरीवर बसून होता. तो दुष्ट नाही. पंधरवड्यात त्याची दोन पिल्लं गेली होती आणि त्यातलं एक त्यानं कापसाच्या बोळ्यानं दूध-भाकरी भरवून वाढवलेलं होतं.

त्याच रात्री आम्हा कबुतरवाल्यांच्या मोबाइलच्या गटात एकानं उपाय सुचवला: म्हाताऱ्या कबुतराच्या मानेला शेतीचं औषध चोळा आणि सोडून द्या, ससाणा एकदाच खाईल. खाली बऱ्याच जणांनी अंगठे उचलले. ते वाचून झोप आली नाही, म्हणून हे पत्र.

माझं वय त्रेसष्ट. उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काम केलं. चौदाव्या वर्षापासून कबुतरं पाळतोय. आधी गिरेबाज होते, म्हणजे आभाळात कोलांट्या घेणारे; आता सगळे होमर, लांबून सोडले तरी घरी परतणारे. कागल, निपाणी, संकेश्वर असे टॉस (सरावासाठी लांब नेऊन सोडणं) वाढवत नेत मी बेळगावपर्यंत जातो, आणि पक्षी पक्का झाला की हुबळी. सडकेनं ते दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सकाळी सातला सोडलेला पक्षी दुपारच्या आत आपल्या गच्चीवर उतरतो. ती घटका ज्यानं अनुभवली नाही, त्याला हा नाद समजावून सांगता येत नाही. म्हणून पक्षी आला नाही की काय होतं हेही मला ठाऊक आहे. माझी एक निळी पट्टेरी मादी होती, चार वर्षं हुबळीहून आली. पाचव्या वर्षी घरापासून दोन फर्लांगावर, माझ्या डोळ्यांदेखत बहिरी ससाण्यानं तिला वरून येऊन उचललं. आवाज इथपर्यंत आला. नंतर बराच वेळ पिसं तरंगत खाली येत होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. तेव्हा मारा म्हणणाऱ्यांचा राग मला परका नाही.

पण मी स्वतः मारून पाहिलंय. १९८५ ची गोष्ट, मी बावीस वर्षांचा. माझे वस्ताद जुन्या काळचे. घोड्याच्या केसांचे फासे लावलेली बाल-छत्री कशी बांधतात हे ते सांगायचे. छोटा पिंजरा, आत आमिष, वर फाशांची रांग. हे आपल्याकडचं जुनं साधन आहे आणि ससाण्यांच्या पायात कडी घालणारे अभ्यासक आज जगभर ते याच नावानं वापरतात. मी ते ऐकलं आणि घोड्याच्या केसाऐवजी तंगूस लावला. तिसऱ्या दिवशी शिक्रा अडकली. मी तिला काठीनं मारलं. फार अभिमान वाटला, म्हणून वस्तादांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, आत जाऊन दार लावून घेतलं. पुढचे दोन दिवस कोपऱ्यावरच्या चिंचेवरून पिल्लांचा बारीक आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी आला नाही.

आणि फायदा काय झाला? पुढच्या हंगामात त्याच चिंचेवर दुसरी जोडी. जिथं खायला आहे ती जागा रिकामी राहत नाही. माझं नुकसान आधी होतं तेवढंच राहिलं.

तेव्हापासून मी वही ठेवतो. गेल्या थंडीत ४१ होमर टॉसला सोडले, १३ आले नाहीत. त्यातले ३ खात्रीनं ससाण्याचे: दोन मी किंवा शेजाऱ्यानं पाहिलेले, एकाची पिसं आणि पाय माळावर सापडले, रिंगसकट. दोन मांज्यात कापून पडलेले मिळाले. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो गल्लीत मिळतो. एक विजेच्या तारेला थडकलं. राहिले सात. त्यांचं काय झालं, माहीत नाही. वाट चुकले असतील, कुणाच्या ढाबळीत उतरून राहिले असतील, तारेवर गेले असतील. आपल्यात मात्र हे सातही ससाण्याच्या नावावर मांडायची सवय आहे. ज्याला पाहिलं नाही त्याचा आरोप ज्याला पाहिलं त्याच्यावर टाकायचा, हा हिशेब मला पटत नाही.

दुसरं म्हणजे आपल्यातले बरेच जण शत्रू ओळखतच नाहीत. घार दिसली की बोंब मारतात. घार मेलेलं उचलते, उंदीर-घूस धरते. उडत्या धडधाकट होमरला ती गाठत नाही. खरूची माळावर एका जागी पंख फडफडवत थांबते, ती नाकतोडे आणि उंदीर बघत असते. आपल्याशी खरा संबंध येतो तो मुख्यतः दोघांचा, आणि दोघांची रीत इतकी वेगळी की एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

शिक्रा दबा धरणारी. झाडात बसते, खालून, भिंतीच्या आडून, एका दमात येते. सरडे, चिमण्या, खारी हे तिचं रोजचं. कबुतर तिला जड जातं, म्हणून ती पिल्लू, आजारी, नाहीतर बसलेला पक्षी बघते. मोठी मादीच कबुतराच्या वाटेला जाते, नर लहान असतो. तिची लढाई ढाबळीवरच होते आणि ती जाळी-पत्र्यानं जिंकता येते. ढाबळीला एकेरी जाळी असली तर कबुतर आतून जाळीला टेकतं आणि शिक्रा बाहेरून पंजा घालून त्याला फाडते. जाळी दुहेरी हवी, मधे चार बोटं अंतर. वर तंगूस ताणू नका. त्यात शिक्रा अडकते तसं आपलं कबुतरही अडकतं. आणि दार उघडं टाकून कामावर जाऊ नका. आत सरकणाऱ्या तारांचं दार करा. मी सायकलच्या चाकाच्या तारा वापरतो: वरून लोंबत्या, दोन तारांत दोन इंच, खाली आतल्या अंगाला ढकलल्या की हलतात, बाहेरच्या अंगाला पट्टीवर अडतात. परतलेला पक्षी स्वतः ढकलून आत येतो, दारात ताटकळत नाही. माझी बहुतेक पिल्लं त्या ताटकळण्यातच गेली होती.

बहिरी ससाण्याचं वेगळं. तो उंचावरून येतो. त्याचा सूर तासाला तीनशे किलोमीटरच्या वर जातो. आपला होमर सरळ उडताना ऐंशी-नव्वदच्या घरात. त्याच्याशी वेगात स्पर्धा नाही. पण तो आपल्याकडे बारा महिने सारखा नसतो. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारा शाहीन, म्हणजे बहिरीचीच एक जात, इथलाच. पण आपल्या शहरांच्या उंच टॉवरवर थंडीत येऊन बसणारे बरेचसे उत्तरेकडून येतात, साधारण ऑक्टोबरात, आणि मार्च-एप्रिलात परततात. आमच्याकडच्या सरकारी वसाहतीजवळच्या मोबाइल टॉवरवर एक दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला येतो, मी त्याची तारीख वहीत लिहितो. आणि आपण शर्यती कधी ठेवतो? नेमक्या थंडीत. नव्यानं उडायला शिकलेली पिल्लं आपण त्याच्या ताटात वाढतो.

माझा अनुभव असा. त्या थंडीच्या महिन्यांत पिल्लांना एकेकटं सोडायचं नाही, थवा ठेवायचा. घट्ट थव्यात शिरून एकाला वेगळं काढणं ससाण्याला अवघड जातं. मागे पडलेलं, दमलेलं, पिसं झडलेलं तो आधी टिपतो. तेव्हा मोल्टवरचा, म्हणजे पिसं बदलत असलेला, पक्षी घरात. उडवायची वेळ रोज एक ठेवायची नाही. तुमचं घड्याळ तुमच्या गच्चीवरच्या पोरापेक्षा ससाण्याला आधी पाठ होतं. दाणा उडवायच्या आधी नाही, नंतर; भरल्या पोटाचं कबुतर आभाळात रेंगाळतं. आणि ससाणा एकदा गच्चीवर घिरटी घालून गेला की आठवडाभर दार बंद. पोरांना हा आठवडा निघत नाही, हे खरं दुखणं आहे.

लोक आणखी पुष्कळ सांगतात. पायात घुंगरू बांधा, पंखांवर डोळे रंगवा. दोन्ही करून पाहिलं, मला तरी फरक दिसला नाही. रंगाचं मात्र खरं असावं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात, जो २००५ साली छापून आला, कमरेवर पांढरा पट्टा असलेली कबुतरं बहिरी ससाण्याच्या हाती फार कमी लागतात असं दिसलं. त्यांनी पांढरी आणि निळी पिसं अदलाबदल करून पाहिलं तर ते संरक्षणही पिसांबरोबर गेलं. आपल्या देवळातल्या पारव्याची कंबर राखाडी असते, त्याला ही सोय नाही. पण होमरच्या जोड्या लावताना एवढं बघायला पैसे पडत नाहीत.

आता विषाबद्दल. हे मी हात जोडून लिहितोय. १९४० साली ब्रिटनमध्ये सरकारनंच हुकूम काढून बहिरी ससाणे मारले, कारण लष्कराची निरोप्या कबुतरं त्यांच्या तावडीत सापडत. सहाशेच्या आसपास मारले गेले. युद्ध संपल्यावर पुन्हा संरक्षण मिळालं. पुढं १९६० साली तिथल्या होमरवाल्यांनी तक्रार केली की ससाणे फार वाढलेत, आता संरक्षण काढा. म्हणून मोजणी झाली, डेरेक रॅटक्लिफ या माणसाच्या देखरेखीखाली. निघालं उलटंच: ससाणे झपाट्यानं संपत होते. बियाण्याला लावलेलं औषध आणि डीडीटी दाण्यातून कबुतरात, कबुतरातून ससाण्यात. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आईच्या वजनानं फुटत. म्हणजे ती तक्रार करणाऱ्यांची कबुतरंही तेच विष खात होती! मला हे आमच्या रंकाळ्यावरच्या एका पक्षिमित्रानं सांगितलं आणि मी तिथंच बसून राहिलो, कारण त्याच वर्षी संकेश्वरच्या टॉसनंतर माझे दोन होमर घरी येऊन मान वाकडी करून मेले होते. वाटेत पेरणी चालू होती, त्यांच्या पोटात लाल रंग लावलेलं मक्याचं बी निघालं.

मानेला औषध चोळलेलं कबुतर ससाणाच खाईल हे कोण लिहून देणार? ते कावळा खाईल, कुत्रं खाईल, गल्लीतलं पोर उचलून घरी नेईल. शिवाय बहिरी ससाणा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला मारल्यास किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड. गटात अंगठा उचलणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे?

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजीतल्या जुन्या शौकिनांना विनंती आहे. पिल्लांच्या शर्यती होळीनंतर ठेवा. मार्चात पहाटे हवा थंड असते, टॉस सकाळीच आटोपला तर ऊन बाधत नाही. पक्की, दोन-तीन वर्षांची पाखरं थंडीत उडवायची असतील तर उडवा, ती वाट काढतात. पैजेची रक्कम हरवलेल्या पक्ष्यांच्या हिशेबाशी जोडा: ज्याचे जास्त परतले त्याला बक्षीस, एकट्या पहिल्याला नको. मग आजारी पक्षी कुणी सोडणार नाही. आणि गटात विषाचा उपाय लिहिणाऱ्याला वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथं थांबवावं. मी त्या रात्री उत्तर लिहिलं तर चार जण गट सोडून गेले. जाऊ देत.

बुधवारी तो मुलगा पुन्हा आला. हातात भंगारवाल्याकडून आणलेल्या सायकलच्या बावीस तारा. तंगुसाची जाळी त्यानं आधीच उतरवली होती, मी न सांगता. आम्ही तारांची टोकं वळवली, पट्टीला भोकं पाडली, अर्धं दार झालंय. उरलेलं या रविवारी.

मुलाची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक कबुतरवाला,
कोल्हापूर