मल्याळम चित्रपटातले स्वयंपाकघर

महोदय,

मल्याळम चित्रपटांचे कौतुक करताना आपली लेखणी ‘वास्तववाद’ या शब्दावरच थांबते, याची खंत वाटते. जिओ बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’मध्ये (२०२१) नव्याने लग्न होऊन आलेल्या नायिकेच्या सासऱ्यांना भात चुलीवरचा आणि चटणी पाट्यावरचीच हवी असते, तर गळक्या सिंकसाठी प्लंबर बोलावायचे नवऱ्याकडून रोज राहून जाते, लांबलचक भाषणांविना सुशिक्षित घरातली सत्ता त्या ठिबकणाऱ्या पाण्यातून उलगडते. (तो पाहून झाल्यावर आमच्या घरी ताटे कोणी उचलायची, यावर बराच वेळ शांतता होती.) असा चित्रपट पचवणारा प्रेक्षक घडण्यामागे दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या ‘चित्रलेखा’ फिल्म सोसायटीसारख्या (दर्जेदार चित्रपट दाखवणाऱ्या रसिकांच्या संस्थेच्या) चळवळीचाही वाटा आहे. मात्र पडद्यामागच्या स्त्रियांची स्थिती मांडणारा, २०१९ मध्ये सादर झालेला, केरळ सरकारने नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल खुला व्हायला २०२४ उजाडले.

– एक वाचक, सांगली